इस्त्री न मोडलेले शर्ट

प्रिय राजा,

तू म्हणशील, आईला झालंय तरी काय? रविवारी अर्धा तास फोनवर बोलली आणि आता वर हे पत्र, तेही कागदाच्या दोन्ही बाजूंनी. पण फोनवर तू मला बोलू देतोस का, सांग. मी जरा कुठे मुद्द्यावर येते, तोच तुला माझा आवाज ऐकू येईनासा होतो. आणि समोर होतास तेव्हा माझी जीभ उचलली नाही. तुझ्याकडून परत येऊन आज तेवीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत गल्लीतल्या झाडून सगळ्यांना मी बर्फ दाखवला. तुझ्या शेजाऱ्यांनी काढलेला तो फोटो, ज्यात मी तुझे दोन कोट एकावर एक चढवून पिंपासारखी उभी आहे, तो तर आता दूधवाल्यानंही दोनदा पाहिलाय. ताई म्हणते, आई लवकरच बर्फावर व्याख्यानं द्यायला लागेल. सगळ्यांना सगळं सांगितलं. एकच गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण ती आधी तुझ्याशी बोलायला हवी. ती बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तिथे एकट्याला तुलाही पडत नसणार.

बर्फ बघायचं माझं खूळ तुला तोंडपाठ आहे. जन्म काढला या उकाड्याच्या गावात, जिथे पहाटे पाचलाही पंखा बंद करवत नाही, आणि नोकरी केली मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तू मला जशी ओळखतोस तशीच सांगते. उणे अठराच्या खोलीचं ते जाडजूड दार, बाहेर घामाच्या धारा, आत पापण्या चिकटतील अशी थंडी, आणि दाराशी स्टुलावर मी, मांडीवर रजिस्टर घेऊन. आत जाणाऱ्याचं नाव लिहायचं, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. वीस मिनिटांच्या वर कुणी आत थांबायचं नाही. बाहेर आला की त्यानं हात पुढे करायचा. मी अंगठ्याचं नख दाबून सोडायचे. पाच मोजेपर्यंत ते पुन्हा गुलाबी झालं तर ठीक, नाहीतर मी त्याला परत आत सोडत नसे, मग मुकादम कितीही आकांडतांडव करो. म्हणून तर मला सगळे घड्याळबाई म्हणायचे. पुढे पुढे नख दाबायचीही गरज उरली नाही. नुसता हात बघितला की हा किती वेळ आत होता, किती वर्षं हे काम करतोय, हातमोजे धड आहेत की फाटके, सगळं कळायचं. तिथे पाइपांवर पांढरा थर साचायचा आणि दर शनिवारी तो लाकडी पट्टीनं खरवडून काढावा लागायचा. कामगार तो भुगा माझ्यावर उडवायचे आणि म्हणायचे, घ्या घड्याळबाई, तुमचा परदेश. मी हसायचे, पण मनात म्हणायचे की हा असा मोटारीनं केलेला नको, वरून आपणहून पडणारा बघायचाय. एकदा तरी.

तू बोलावलंस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, बर्फ बघायला चालले. ते खोटं नव्हतं. पण पाच वर्षं तुला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं हेही होतंच. फोनवर तू नेहमी मजेत असायचास. आपल्या घरात इतकं मजेत कधी कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे मला शंका येत होती. विमानतळावर तू दिसलास आणि जीव भांड्यात पडला. वाळला होतास, पण सगळ्याच आयांना आपली मुलं वाळलेली दिसतात, म्हणून तोंड आवरलं. तू बॅग उचललीस, मला कोट घातलास, गळ्याशी मफलर गुंडाळलास, आणि तुझी खोली येईपर्यंत शंभर वेळा विचारलंस की थंडी वाजते का. उणे अठराच्या दाराशी नोकरी केलेल्या बाईला हे विचारत होतास.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी फजिती करून घेतली ते आठवतं ना? खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या पांढऱ्याशुभ्र. मी तुझे मोजे, तुझे बूट, साडीवर तुझा कोट अशा अवतारात धावत खाली गेले आणि एका गाडीच्या काचेवरून नखानं तो पांढरा थर खरवडला. खरवडताक्षणी ओळखला. हा तर आपला शनिवारचा! वरून पडलेला नाही, जागच्या जागी धरलेला. मी इतकी हिरमुसले की तिथेच उभी राहिले. तळमजल्यावरचे तुझे शेजारी, ते निवृत्त बसचालक, दारात उभे राहून खो खो हसत होते. परक्या बाईला पहिल्याच दिवशी असं हसतात का कधी? पण मग त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली आणि तू शिकवलेले तीन मराठी शब्द एका दमात म्हणून दाखवले, आई, चहा, चांगला. आमची गट्टी जमली. त्यांना माझं कळत नव्हतं, मला त्यांचं कळत नव्हतं, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. रोज सकाळी मी आभाळाकडे बोट दाखवायचे. ते आपला डावा गुडघा चाचपून बघायचे आणि मान हलवायचे, आज नाही. त्यांचा गुडघा तुझ्या फोनवरच्या हवामानापेक्षा जास्त खरा निघाला, हे तुलाही कबूल करावं लागेल.

रोज तू पावणेसातला निघायचास. नकाशांचं ऑफिस, साहेब कडक आहे, सुट्टी मिळत नाही, पण चारला परत येतो, असं म्हणालास. मी म्हटलं, बाबा, तू तुझं काम कर, मी तुझं घर बघते. घर ते केवढं? एक खोली, त्यातच ओटा, एक पलंग आणि तो खिडकीतला हीटर, ज्यावर तू माझी उशी गरम करून द्यायचास. काम काहीच नव्हतं म्हणून मी तुझे शर्ट इस्त्रीला घेतले. तू नको नको म्हणत होतास. मी ऐकते होय? कॉलर, मग बाह्या, मग पाठ, बाह्यांवर सरळ घडी. सकाळी कडक शर्ट, टाय, वर कोट, हातात बॅग. मी जिन्यानं खाली यायचे आणि इमारतीचं मोठं दार धरून उभी राहायचे. कुणी आत गेलं की तो अडकू नये म्हणून दार पुरतं बंद होऊ द्यायचं नाही, ही स्टोरेजमधली सवय. तू रस्ता ओलांडून समोरच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहायचास, मला हात करायचास, आत जा म्हणायचास. शेजारी माझ्यावर डाफरायचे, सगळी ऊब बाहेर चालली म्हणून. मग मी वर जायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुझा काढून ठेवलेला शर्ट धुवायला घेतला. तो धुण्यासारखा नव्हताच. बाहीवरची घडी जशीच्या तशी होती. दिवसभर टेबलावर वाकून नकाशे काढणाऱ्या माणसाच्या कोपराशी एकही चुणी नाही? कॉलर कोरी, काखेत वास नाही. मला आधी वाटलं, थंड हवेत शर्ट मळत नसतील. मी स्वतःला समजावलं. चौथ्या दिवशीचा शर्टही तसाच. राजा, मी तुला लहानपणी एकदाही पकडलं नाही, कारण तू कधी खोटं बोललाच नाहीस. त्यामुळे आता कसं पकडायचं हे मला येईना.

त्याच रात्री जेवताना तू मला पाणी दिलंस आणि मी तुझा हात पाहिला. तोपर्यंत का पाहिला नव्हता, तर तू घरातही बाह्या बोटांपर्यंत ओढून बसायचास आणि हात खिशात ठेवायचास. मला वाटलं, इथली रीत असेल. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या. तर्जनीचं टोक पांढरट आणि कडक. आणि मनगटावर ती लाल पट्टी, जिथे हातमोजा संपतो आणि कोटाची बाही सुरू होते, आणि मधली बोटभर कातडी उघडी राहते. बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहून ती पट्टी येत नाही. वर्षभर रोज आत-बाहेर केलं की येते. मी काही विचार न करता, निव्वळ सवयीनं, तुझा अंगठा धरला, नख दाबलं आणि मोजायला लागले. सातापर्यंत गेले. तू हात ओढून घेतलास आणि म्हणालास की काय गं, इथेही ड्यूटी करतेस का. मी हसले. तूही हसलास. मग आपण दोघांनी भात खाल्ला.

पुढचे तीन दिवस मी बर्फाची वाट बघत होते की तू बोलायची, हे माझं मलाच कळत नव्हतं. आभाळ राखाडी व्हायचं आणि तसंच राहायचं. तू कामावरून आलास की आधी खिडकीशी जायचास आणि माझी माफी मागितल्यासारखा म्हणायचास, आज पण नाही गं. तुझा चेहरा इतका पडायचा की मला वाटायचं, चुलीत गेला तो बर्फ. एका संध्याकाळी तर तू फोनवर बघत बसलास की दोन तासांवरच्या डोंगरात पडलाय, तिथे नेऊ का. मी म्हटलं, नको, माझ्याकडे येईल तेव्हा येईल. खरं सांगायचं तर मला तुझ्यासमोर नुसतं बसायचं होतं. कितीदा वाटलं, सरळ विचारावं. पण तू मला तुझ्या ऑफिसातल्या गमती सांगायचास, तो साहेब, त्याचा तो सारखा हरवणारा चष्मा, ती चहा सांडणारी मुलगी. इतक्या हौसेनं सांगायचास की मला ते मोडवलं नाही. ती माणसं होती ना कधीतरी? मला वाटतं, होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होती.

आठव्या दिवशी तुला लवकर जायचं होतं. आदल्या संध्याकाळीच शर्ट घेऊन ठेवलास आणि उठू नकोस म्हणून बजावलंस. मी जागी झाले तेव्हा खोलीत वेगळाच उजेड होता, छतावर पडलेला. खिडकीशी गेले आणि तिथेच बसले. आला होता. रस्ता नव्हता, फुटपाथ नव्हता, गाड्या म्हणजे नुसते उंचवटे, आणि वरून अजून येतच होता, घाई नाही, गडबड नाही. मी कोट चढवून खाली गेले. तुला एक सांगते, जे मी फोटो दाखवताना कुणाला सांगितलं नाही. मला त्या बर्फाचा रंग नवा नव्हता, गारवाही नवा नव्हता. नवी होती ती शांतता. आमच्या थंडीला आवाज असतो. आत गेलं की पंखे घोंघावतात, मोटार धडधडते, बोललेलं ऐकू येत नाही, बाहेर आल्यावरही तासभर कान वाजत राहतात. थंडी म्हणजे आवाज असं माझ्या डोक्यात बसलेलं. आणि इथे सगळीकडे एवढी थंडी आणि कसलाच आवाज नाही. मी वाट बघत राहिले, आता कुठेतरी मोटार सुरू होईल. झाली नाही. मला रडू आलं, तेही आवाज न करता. मग हात स्वस्थ बसेनात म्हणून मी एक काठी घेऊन दाराच्या कठड्यावरचा बर्फ शनिवारसारखा पाडायला लागले, आणि स्वतःलाच हसले.

तेव्हा मला पावलं दिसली. दारातून एकाच माणसाची पावलं बाहेर गेली होती, वरून थोडी भरत आलेली. डावं पाऊल बाहेर वळलेलं. आंब्याच्या झाडावरून पडून पाय मोडून घेतलास तेव्हापासून ते तसंच पडतं, त्यामुळे विचारायचं कारणच नव्हतं. मला गंमत वाटली. माणूस कुठे कुठे गेला हे जमिनीवर असं लिहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी तुझ्या पावलांत पाऊल टाकत निघाले. ती बसस्टॉपकडे गेलीच नाहीत. भिंतीला धरून इमारतीच्या मागे वळली आणि तळघराच्या पाच पायऱ्या उतरून एका दाराशी थांबली. त्याच दारातून जाड तळव्याच्या बुटांची दुसरी पावलं निघून मागच्या गल्लीकडे गेली होती. त्यांचंही डावं पाऊल बाहेर वळलेलं. मी दार ढकललं.

आत तुझे शेजारी सायकलची साखळी पुसत बसले होते. मला बघून ते उठले आणि चोरी करताना सापडलेल्या शाळकरी पोरासारखे भिंतीवरच्या खुंटीपुढे उभे राहिले. ते रुंद आहेत, पण एवढे नाहीत. त्यांच्या मागे हँगरला तुझा शर्ट लटकत होता, मी केलेल्या घडीसकट. त्यावर टाय. खाली बॅग, बॅगेत डबा नाही, कागद नाहीत, काही नाही. बाजूच्या गरम पाइपवर हातमोज्यांची एक जोडी वाळत होती, जाड, रबराच्या तळव्याची. तसल्या हजार जोड्या मी मोजून दिल्या आहेत. मग ते बिचारे हातवारे करून सांगू लागले. टायकडे बोट दाखवून कुलूप लावल्याची खूण केली, ऑफिस बंद. खोकी, दोन्ही हातांनी उचलून दाखवली. थंडी, स्वतःला मिठी मारून. दोन बोटं, दोन वर्षं. आणि शेवटी हात जोडून ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. मी निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारून थांबवलं, बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि म्हणाले, "आई. मुलगा चांगला." मी म्हटलं, माहीत आहे हो. त्यांना ते कळलं असावं.

उजव्या हातमोज्याचा अंगठा उसवला होता. मी तो वर घेऊन गेले, दुहेरी दोऱ्यानं शिवला आणि परत पाइपवर ठेवून आले. तू शेजाऱ्यांना विचारलंस का, कुणी शिवला म्हणून? त्यांनी सांगितलं नसेल. आता मीच सांगते, आणि त्याबरोबर आणखी चार गोष्टी सांगते त्या ऐक. त्या जाड मोज्यांच्या आत सुती पातळ मोजे घाल, दोन जोड्या ठेव आणि घामानं ओले झाले की बदल. ओल्या मोज्यानं माणूस कोरड्यापेक्षा लवकर गारठतो. बाहेर आल्याआल्या हात गरम पाण्यात घालायचे नाहीत, आधी काखेत धरायचे. मनगटाची ती उघडी पट्टी झाकायला जुन्या पायमोज्याचा वरचा भाग कापून चढव. आणि आत जाताना बाहेर कुणीतरी आहे ना हे बघितल्याशिवाय जाऊ नकोस.

तू अकराला आलास. धावत जिना चढून, शर्ट-टायमध्ये, गाल लालबुंद. म्हणालास, "आई, अर्धी सुट्टी मागून आलो. चल, तुझा बर्फ आलाय." बाहीवर एक चुणी नव्हती. माझ्या ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं, कारण पाच वर्षांत तुला असं खुललेलं मी पाहिलं नव्हतं, फोनवर तर नाहीच नाही. जणू तूच तो बर्फ घरोघरी फिरून गोळा करून माझ्यासाठी आणला होतास. मैदानात तू मला हात धरून चालायला शिकवलंस, टाच आधी टेकवायची म्हणालास. मी दोनदा बसले, तिसऱ्यांदा तूच आपटलास. शेजाऱ्यांनी तेव्हाच तो फोटो काढला. तू खाली पडून हसत होतास आणि मी वरून तुला बघत होते. त्या तासाभरात मी सुखी होते, राजा, पुरती सुखी होते. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तू वाकून नमस्कार केलास तेव्हा मी तुझे हात धरले आणि नखं दाबली नाहीत. तुला वाटलं असेल, आईला काही कळलं नाही. मलाही तेच वाटू द्यायचं होतं. घरी येऊन पहिल्या रात्री पंख्याखाली पडले आणि कळलं की मी चुकले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रजिस्टर घेऊन दाराशी मी बसले ती शेवटची चौदा वर्षं. त्याआधीची अकरा वर्षं मी आत होते. तुझे बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि ताई नऊची, आणि मला मिळालेलं काम होतं खोकी उचलायचं. घरी, शेजारीपाजारी, तुझ्या शाळेत, सगळीकडे मी सांगितलं की ऑफिसात नोंदी ठेवते. सुट्टी झाली की पंपाच्या खोलीत लिंबानं हात घासायचे, साडी बदलायची, मग घरी. तू तिसरीत असताना एकदा मी विसरलेला डबा घेऊन ताईबरोबर फाटकाशी आलास. मी डोक्याला फडकं बांधून, खांद्यावर खोकं घेऊन समोरून येत होते. तुला पाहिलं आणि चळतीमागे लपले. वॉचमनला म्हटलं, सांगा, बाई साहेबांबरोबर मीटिंगमध्ये आहेत. तू डबा देऊन उड्या मारत गेलास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वर तू अभ्यासाचा कंटाळा केलास की मी काय म्हणायचे? शिकला नाहीस तर खोकी उचलायला आत जाशील. दहा वर्षं हे ऐकलेला मुलगा आईला कुठल्या तोंडानं सांगणार? तुझं ऑफिस बंद पडलं यात तुझा दोष नाही, आणि हात चालवून पोट भरतोस यात तर नाहीच. त्याच कामावर तुम्ही दोघं वाढलात. लाज त्या कामात नव्हती रे, ती मी घरात आणली आणि तुला दिली. माझी चूक झाली. तुला परत यावंसं वाटलं तर ये, तिथेच राहावंसं वाटलं तर राहा, दोन्हीला मी आहे. पण माझ्यासाठी तळघरात कपडे बदलू नकोस. माझं मी सांगून टाकलं. आता रविवारी फोन करशील तेव्हा ऑफिसचं काही सांगू नकोस. कामाचं सांग.

तुझीच आणि तुझ्याच कामातली,
आई